निवृत्तीचे साठ लाख, मुलाचे घर आणि मे महिन्यातील सहल : कशाला किती द्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सातपूरच्या एका कारखान्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त झालात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून सुमारे ६० लाख रुपये गेल्या महिन्यात खात्यावर जमा झाले आहेत. ईपीएसचे (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) निवृत्तिवेतन महिना ४,५०० रुपये आहे, नाशिकचा फ्लॅट स्वतःचा असून त्यावर कर्ज नाही, घरखर्च महिना २५,००० रुपये आहे आणि आरोग्यविम्याचा वार्षिक हप्ता ३८,००० रुपये सांगितला गेला आहे. पुण्यातील मुलगा घरासाठी २० लाख रुपये मागतो आहे, जळगावच्या मुलीने काहीच मागितलेले नाही आणि दर मे महिन्यात नातवंडे आली की सहलीचा खर्च ओघाने येतोच. मुलाला पैसे द्यावेत का, आणि यापुढे सहली बंद कराव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

मी करसल्ला आणि निवृत्तांच्या पैशाचे नियोजन हेच काम करतो, त्यामुळे हे दोन प्रश्न एकत्र विचारलेले मला अनेकदा ऐकायला मिळतात. माझ्या मते त्यांच्यामागचा खरा प्रश्न तिसराच आहे. पगाराच्या काळात आपल्याला महिन्याचा हिशेब करण्याची सवय लागते, कारण पैसा महिन्याला येतो आणि अडीअडचणीला बोनस, रजेचे पैसे किंवा सोसायटीचे कर्ज मदतीला येते. निवृत्तीनंतर हे टेकू निघून जातात, पण खर्च मात्र पूर्वीसारखाच वर्षभरात उड्या मारत येतो. किराणा, वीज आणि औषधे यांमुळे अडचणीत आलेली निवृत्त माणसे मला फारशी भेटलेली नाहीत. त्यांना अडचणीत आणतात ते वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी आधी एकच काम सांगतो : गेल्या बारा महिन्यांचे पासबुक छापून आणा आणि ५,००० रुपयांवरील प्रत्येक नोंदीला लाल पेन्सिलने खूण करा. दुचाकीचे टायर, दाताचे रूट कॅनाल, इन्व्हर्टरची बॅटरी, भाचीच्या लग्नातला आहेर, गणपतीला गावी जाण्यायेण्याचा खर्च, घरपट्टी असे सगळे त्या खुणांमधून बाहेर येते. “आमचा खर्च पंचवीस हजार” असे ठामपणे सांगणाऱ्या घरात या लाल खुणांची बेरीज वर्षाला लाखाच्या आसपास निघाली तर मला आश्चर्य वाटत नाही. तुम्हीही हे करावे. खालचे आकडे मी तुमची ही बेरीज एक लाखाच्या घरात असेल असे धरून मांडले आहेत. ती दीड लाख निघाली तर मुलाला द्यायची रक्कम आणखी कमी करावी लागेल.

माझ्या उत्तरातील काही भाग तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधी सांगतो. तुम्हा दोघांपैकी कुणाला मधुमेह, हृदयविकार असा दीर्घ आजार आहे का, गावाकडे शेती किंवा भाड्याचे उत्पन्न आहे का, आणि मुलाची नोकरी किती स्थिर आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. या तीनपैकी एकाचेही उत्तर वेगळे असले तर रकमा बदलतील; विचार करण्याची पद्धत मात्र तीच राहील.

आता आकडे पाहू. पहिले ३० लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. एप्रिल २०२३ पासून या योजनेची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. तेव्हापासून दर ८.२ टक्के राहिला आहे; सरकार तो दर तिमाहीला ठरवते, मात्र खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे तसाच राहतो. साधारणपणे साठ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच हे खाते उघडता येते, पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांनाही ते मिळते. अट अशी की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडले पाहिजे आणि गुंतवणूक त्या रकमेपेक्षा जास्त नसावी. तुमचे पैसे गेल्या महिन्यात जमा झाले आहेत, म्हणजे मुदतीचा काही भाग आताच संपला आहे. मुलाशी बोलणे महिनाभर लांबले तरी चालेल, पण ही मुदत गेली तर साठी पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल.

८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते. पुढचे १५ लाख टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत पत्नीसह संयुक्त खात्यात ठेवावेत. १५ लाख ही संयुक्त खात्याची कमाल मर्यादा आहे आणि ७.४ टक्के दराने त्यावर महिना ९,२५० रुपये मिळतात. निवृत्तिवेतन धरून हे झाले १३,७५० रुपये. घरखर्चाला महिना ११,२५० रुपये कमी पडतात, म्हणजे तिमाहीला ३३,७५०. ते ज्येष्ठ नागरिक योजनेच्या व्याजातून काढल्यावर दर तिमाहीला २७,७५० रुपये, म्हणजे वर्षाला १,११,००० रुपये हाती उरतात. लाल खुणांचे सारे खर्च या रकमेत बसवायचे आहेत.

ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारी या दिवशी जमा होते, आणि मराठी घराचे मोठे खर्चही जवळपास याच क्रमाने येतात. म्हणून उरलेल्या २७,७५० रुपयांसाठी मी एक वेगळे बचत खाते उघडायला सांगतो आणि प्रत्येक तिमाहीला एक नाव द्यायला लावतो. एप्रिलचे पैसे मे महिन्याचे : नातवंडे, आंबे आणि सहल. जुलैचे पैसे आरोग्यविम्याचे. ऑक्टोबरचे दिवाळीचे आणि भाऊबिजेचे. जानेवारीचे लग्नसराईचे, घरपट्टीचे आणि दुरुस्त्यांचे. तुमच्या बाबतीत जुलैचा हप्ता विम्याला सुमारे दहा हजारांनी अपुरा पडेल, तेवढे जानेवारीच्या पैशांतून मागे ठेवावे लागतील. ही विभागणी घरातल्या दोघांनाही तोंडपाठ असावी. माझ्या अनुभवात हिशेब नवऱ्याच्या डायरीत आणि खर्चाचे निर्णय बायकोच्या डोक्यावर अशी वाटणी असलेल्या घरांत ही पद्धत दोन वर्षांत मोडते.

उरलेल्या १५ लाखांपैकी ५ लाख अडीअडचणीसाठी दोन वेगवेगळ्या बँकांत मुदत ठेवीत ठेवावेत. आणखी ५ लाख अशा ठिकाणी ठेवावेत की ज्यांना पुढील दहा वर्षे हात लावायचा नाही. त्यात समभागांचा काही वाटा असलेले म्युच्युअल फंड चालतील, जर घसरणीच्या वर्षी तुम्हाला रात्री झोप लागत असेल तर. हे कशासाठी, तर सहा टक्क्यांची महागाई धरली तर आजचे २५,००० बारा वर्षांत ५०,००० होतात आणि व्याज मात्र आहे तेवढेच राहते. सत्तरीनंतर मुद्दलातून थोडे थोडे काढावे लागणार, हे आजच मान्य करावे. मुद्दलाला हात लावायचा नाही ही आपल्या घरांतली शिकवण पगाराच्या काळात योग्य होती. पंचाहत्तरीत मुद्दल शाबूत ठेवून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलणारी माणसे पाहिली की मला त्या शिकवणीचा राग येतो.

अशा रीतीने मुलासाठी ५ लाख रुपये उरतात. त्याने मागितलेले २० लाख दिले तर काय होईल, हेही कागदावर पाहा. ४० लाखांतून ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ५ लाख अडीअडचणीला आणि ५ लाख मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, तर मासिक व्याज ३,०८३ रुपयांवर येते, घरखर्चाची तूट तिमाहीला सुमारे ५२,२५० होते आणि मागे उरतात तिमाहीला ९,२५०, म्हणजे वर्षाला ३७,००० रुपये. तुमचा विम्याचा हप्ताच ३८,००० आहे. दिवाळी, आहेर, दुरुस्ती आणि सहल यांसाठी काहीही उरत नाही, आणि महागाईसाठी बाजूला ठेवायचे ५ लाखही नाहीत. “सहली बंद कराव्यात का” हा तुमचा प्रश्न खरे तर या २० लाखांच्या पोटातून आलेला आहे.

मुलाच्या बाजूनेही हिशेब करून पाहावा. तेच २० लाख त्याने साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी बँकेकडून घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये बसतो. हा हप्ता तरुण, कमावत्या जोडप्याला जड असला तरी उचलता येण्यासारखा आहे, आणि पगार वाढेल तसा तो हलका होत जातो. तुमचे गेलेले व्याज मात्र परत वाढणार नाही आणि ७८ व्या वर्षी तुम्हाला वीस वर्षांचे कर्ज कोणी देणार नाही. हे त्याला पत्नीसह घरी बोलावून, वरचे दोन्ही हिशेब समोर ठेवून सांगावे. फोनवर सांगू नये; फोनवर “जमणार नाही” एवढेच ऐकू जाते. आकडे समोर असले की बहुतेक मुले समजून घेतात, निदान वाद आकड्यांवर होतो, प्रेमावर होत नाही.

जे द्याल ते उसने म्हणून द्यावे की कायमचे? माझे मत स्पष्ट आहे : घरासाठी दिलेला पैसा परत येईल असे धरू नये. उसने म्हटले की प्रत्येक दिवाळीला तो विषय न बोलता ताटात वाढला जातो. ५ लाख द्यायचे ते धनादेशाने किंवा बँकेतून थेट, देणगी म्हणून, साध्या पत्रावर नोंद करून द्यावेत. वडिलांनी मुलाला दिलेल्या देणगीवर मुलाला आयकर लागत नाही. त्याहून मोठी रक्कम द्यायचीच असे तुम्ही ठरवलेत, तर त्या घराच्या करारनाम्यात सहमालक म्हणून तुमचे नाव असावे. जळगावच्या मुलीलाही ही रक्कम आजच सांगावी. तिने काही मागितले नाही याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा होत नाही. समान वाटप करायचे असेल तर मृत्युपत्रात तेवढी रक्कम तिच्या नावे आधी काढून ठेवता येते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, दोन साक्षीदार मात्र हवेत.

“नाशिकचा फ्लॅट विकून आमच्याकडेच राहा” असेही मुलाने सुचवल्याचे तुम्ही लिहिले आहे. पहिली दोन वर्षे हा विषय काढूच नये. हवे तर चार महिने पुण्यात राहून पाहावे, घराला कुलूप राहू द्यावे. पुढे कधी घर मुलांपैकी कुणाच्या नावे करायचे झालेच, तर बक्षीसपत्रात “देखभाल आणि सांभाळ करण्याच्या अटीवर” असे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, ही अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट लिहिलेली नसेल तर दाद मागणे फार अवघड होते.

बँकेतील अधिकारी “दहा वर्षे हप्ता भरा, मग आयुष्यभर उत्पन्न” अशी विमा पॉलिसी सुचवत आहेत, आणि शेजारी ११ टक्के देणारी पतसंस्था सांगत आहेत. दोन्हींना नकार द्यावा. तुम्हाला उत्पन्न आज हवे आहे, त्यामुळे हप्ते भरायची पॉलिसी तुमच्या कामाची नाही. घाईत सही केली असेलच तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. बँकेतील ठेवींना ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेसाठी, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येत होते, आणि ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक होती. तीन टक्के जास्तीच्या व्याजासाठी एवढी जोखीम तुमच्या वयात परवडणारी नाही.

आरोग्यविमा टाळू नये. कारखान्याच्या गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे तातडीने विचारावे, कारण तसे झाल्यास आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, जो नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत असू शकतो, त्यात सवलत मिळते. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. ३८,००० चा आकडा त्यानंतरचाच आहे ना, हे तपासून घ्यावे.

आता सहलीकडे येतो. माझे म्हणणे असे की सहल बंद करू नये, तिला मर्यादा घालावी, आणि ती मर्यादा म्हणजे एप्रिलचे २७,७५० रुपये. त्यातच आंब्याच्या पेट्या, मुलीला आणि नातवंडांना कपडे आणि बाहेरचे खाणे धरावे. मुलगा आणि सून बरोबर येणार असतील तर राहण्याचा खर्च तुमचा आणि प्रवासाचा त्यांचा, असे मार्चमध्येच बोलून घ्यावे. हॉटेलच्या काउंटरवर पाकीट कोण आधी काढतो ही चढाओढ दिसायला गोड असते, पण तिचा भार नेहमी निवृत्त माणसावर पडतो.

खर्च कमी करण्याच्या काही जागा सहज सापडतात. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे ती गृहीत धरू नये. पण ४५ वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे आणि त्यात तुमच्या पत्नी बसतात, तुम्ही साठीनंतर बसाल. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात जायचे असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढायला बसावे लागेल. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि पंचाहत्तरीनंतर राज्यात प्रवास मोफत. चार किंवा सात दिवसांचा “आवडेल तेथे प्रवास” पासही एसटी देते. मुलांना घेऊन कोकणात दोन-तीन गावे करायची असतील तर तो भाड्याच्या गाडीपेक्षा बराच स्वस्त पडतो, मात्र दुपारच्या उन्हात स्थानकावर थांबण्याची तयारी हवी.

माझी वैयक्तिक आवड विचाराल तर मे महिन्यात महाबळेश्वरच्या गर्दीत पैसे घालण्यापेक्षा नाशिककरांनी महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याला एक रात्र काढावी. मेच्या शेवटी, पहिल्या सरींच्या आधी, कळसूबाई परिसरातली झाडे काजव्यांनी लगडतात, आणि टॅब सोडून मुले अंधारात गप्प बसलेली पाहायला मिळतात. शनिवार-रविवारी तिथे वाहनांच्या रांगा लागतात. तुम्हाला आता सोमवारी जाता येते, तो फायदा घ्यावा. सप्तशृंगगडावर रोपवे झाल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येते, आणि तो दिवस हजार-दीड हजारात होतो.

करांची फार काळजी करू नये. तुमचे एकूण उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास राहील आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीनंतर कर शून्य होतो. विवरणपत्र मात्र भरावे लागेल, आणि व्याजातून करकपात होऊ नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच स्वयंघोषणापत्र द्यावे. हयातीच्या दाखल्याबाबत सरकारी निवृत्तांची नोव्हेंबरची धावपळ तुम्हाला लागू नाही. ईपीएसचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. तुमच्या पश्चात हे निवृत्तिवेतन पत्नीला निम्मेच, म्हणजे २,२५० रुपये मिळेल. हेच कारण आहे की ज्येष्ठ नागरिक योजनेचे खातेही पत्नीसह संयुक्त असावे. त्यासाठी त्यांच्या वयाची अट नाही, आणि पुढे खाते मुदतीपर्यंत त्यांना चालू ठेवता येते.

तेव्हा या आठवड्यात कारखान्याच्या कार्मिक विभागाकडून निवृत्तीची तारीख, पद आणि मिळालेल्या रकमांचा तपशील असलेले प्रमाणपत्र घ्या. आधार, पॅन, दोघांचे फोटो आणि ३० लाखांचा धनादेश घेऊन मुख्य टपाल कार्यालयात किंवा तुमच्या बँकेच्या शाखेत जा. एक लाखावरची रक्कम रोखीने घेत नाहीत. बँकेत गेलात आणि त्या टेबलावर पुन्हा विमा पॉलिसीचा कागद पुढे आला, तर आधी या खात्याची पोच द्या असे सांगा.